घराण्याची वही

(मंदिराच्या जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. शिक्षण एस.एस.सी.पर्यंत आणि नोकरी तहसील कचेरीतील कारकुनाची. तरीही समितीच्या मंडळींनी "जुन्या कागदांविषयी चार शब्द सांगा" असा आग्रह धरला, तो मोडवला नाही. नकलांचे अर्ज घेण्यात आणि रेकॉर्ड रूममधील बस्ते सोडण्या-बांधण्यात वीस वर्षे गेली, तेवढ्याच भांडवलावर मी आपणापुढे उभा आहे.

सभामंडपाच्या भिंतीवर दात्यांच्या नावांची संगमरवरी पाटी बसविली आहे, ती आपण सर्वांनी पाहिलीच असेल. पुष्कळांनी आपल्या आजी-आजोबांच्या स्मरणार्थ रक्कम दिली. कारागिराला नावे द्यायची म्हणून पावत्या पुन्हा तपासल्या, तेव्हा आजोबांचे नाव बहुतेक सर्वांनी लिहिलेले दिसले. आजीच्या नावाची जागा काहींची कोरी होती. फोन करून विचारले. एक गृहस्थ म्हणाले, "सारे तिला बुढीमायच म्हणत." दुसरे म्हणाले, "आम्ही लांजीवाली म्हणूनच ऐकत आलो." लांजी हे तिचे माहेर, तिचे नाव नव्हे. शेवटी दोन ठिकाणी पाटीवर नुसते "आजी" असे कोरावे लागले. जिने पाच-सहा लेकरे वाढविली, बांधीत चिखल तुडवून रोवणी केली, तिचे नाव दोनच पिढ्यांत हरवले. आजचे माझे सारे बोलणे त्या दोन कोऱ्या जागांविषयी आहे, असे समजा.

आपण म्हणाल, सामान्य शेतकऱ्या-मजुराच्या घराण्याला कसला इतिहास? पण जून महिना उजाडला की कचेरीत काय गर्दी उसळते ते पाहा. पोरगी बारावी पास झाली, पुढे प्रवेश घ्यायचा, जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी हवी. त्यासाठी वंशावळीचे शपथपत्र आणि वडिलांकडील पूर्वजांचा जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीचा कागद मागितला जातो. मग बाप मुलीकडे पाहतो, मुलगी बापाकडे पाहते. पणजोबाचे नाव माहीत नाही! सरकारने विचारले म्हणून पणजोबा आठवायचा, ही आपली आजची रीत झाली आहे.

आणि कागदावरील एका शब्दाचे मोल केवढे असते हे विदर्भाला सांगायला नको. आपली जमात कागदावर कोणत्या शब्दांत लिहिली जावी, या प्रश्नावर गोवारी समाजाचा मोर्चा २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूरच्या विधानभवनावर गेला होता. तेथे चेंगराचेंगरी होऊन ११४ जीव गेले. त्यांत आयाबहिणी होत्या, लेकरे होती.

आता शोध घ्यावा कोठे, ते सांगतो. प्रथम जिल्ह्याचा घोळ समजून घ्या. आपला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. त्यापूर्वी आपण भंडारा जिल्ह्यात. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात, आणि त्याहीपूर्वी मध्यप्रांतात. त्यामुळे कागदावर "तहसील तिरोडा, जिल्हा भंडारा" असे दिसले तर हा आपला कागद नव्हे म्हणून परत ठेवू नका. कामठा, आमगाव, सालेकसा, दरेकसा या तर जमीनदाऱ्या होत्या. ज्यांची सोयरीक बालाघाटकडची आहे, त्यांच्या मामा-मावशांचे कागद आज दुसऱ्या राज्यात आहेत.

सर्वांत उपयोगी पुस्तक म्हणजे कोतवाल बुक. पूर्वी गावात कोणी जन्मले वा मेले की त्याची वर्दी कोतवाल देत असे आणि तिची नोंद होत असे. जमीन असो वा नसो, भूमिहीन मजुराच्या घरचा पाळणाही या पुस्तकात सापडतो. पुष्कळ गावी हा कोतवाल महार समाजाचा असे. साऱ्या गावाचे जन्ममरण त्याच्या सांगण्यावरून कागदावर आले, आणि त्याच्या स्वतःच्या घराण्याचा माग आज त्याच पुस्तकातील दोन ओळींत काढावा लागतो! जेथे १९१८ सालची पाने शाबूत आहेत, तेथे ती अवश्य पाहावीत. त्या वर्षी इन्फ्लुएंझाच्या साथीने मध्यप्रांतात हाहाकार उडविला होता. एकाच आडनावाची माणसे ओळीने गेलेली दिसली की आपल्या वंशावळीची एक फांदी मध्येच का तुटते, याचा उलगडा होतो. मात्र ही पुस्तके आता हात लावताच चुरा होतात. काही ठिकाणी ती स्कॅन करून संगणकावर घेण्यात आली आहेत, तरीही ज्याला आपली नक्कल काढायची असेल त्याने फार वाट पाहू नये.

दुसरा पुरावा शाळेचे दाखलखारीज रजिस्टर. यात जन्मतारखेवर फार विसंबू नये. आपल्या आजोबांच्या पिढीत निम्म्या गावाचा जन्म १ जुलैला झालेला दिसतो, तो शाळा उघडण्याच्या दिवशी गुरुजींच्या दौतीतून झालेला असतो. (त्या गुरुजींचे उपकारच म्हणायचे, नाहीतर तीही तारीख नसती.)

तिसरा पुरावा जमिनीचा. जुन्या बंदोबस्ताची मिसल, १९५४-५५ चे अधिकार अभिलेख आणि त्यापुढील फेरफार पंजी व सातबारा. मालगुजारी ३१ मार्च १९५१ रोजी संपली. त्याआधीच्या नोंदींत आजा-पणजा मालगुजाराची कूळ म्हणून दिसण्याचा संभव अधिक, हे ध्यानात ठेवावे. हे कागद वाचताना चार शब्द ठाऊक असावेत. "वल्द" म्हणजे अमक्याचा मुलगा, "जौजे" म्हणजे अमक्याची बायको, "बेवा" म्हणजे विधवा, "साकिन" म्हणजे राहणार. "दाखल खारीज" म्हणजे एकाचे नाव कमी होऊन दुसऱ्याचे चढणे. एवढ्यावर अर्धा कागद वाचता येतो. उरलेला अर्धा हिंदी-मराठी मिश्रणात असतो, तो आपल्या झाडीपट्टीच्या माणसाला जड नाही.

यातील "बेवा" हा शब्द विसरू नका. बाईचे नाव जिवंतपणी, नवरा हयात असता, जमिनीच्या कागदावर क्वचितच येई. नवरा गेला की त्याच्या जागी "अमुक बेवा तमुक" असे चढत असे. मघाशी सांगितलेली ती लांजीवाली आजी अशीच एका फेरफारात सापडली. नातवाने भंडाऱ्यापर्यंत हेलपाटे घातले, नक्कल काढली, आणि ते नाव वाचताना त्या पन्नाशीच्या माणसाचा आवाज बदलला. समितीने ते नाव पाटीवर कोरून घेण्याचे मान्य केले आहे. दुसऱ्या आजीचे मात्र अद्याप काही कळलेले नाही. त्या घराला जमीन नव्हती.

कागदाबाहेरचाही ठेवा आपल्या भागात पुष्कळ आहे. पोवार समाजाचे भाट पूर्वी गावोगाव फिरत. माळव्याकडून आल्याची हकीकत आणि कुळांची नावे त्यांच्या पोथ्यांत असत. गोंड समाजात हे काम परधानांनी केले. बाना वाजवीत ते देवांची आणि कुळांची गाणी गात आले, आणि चार देव, पाच देव, सहा देव, सात देव हे गोत्रांचे गणित त्यांनी मुखोद्गत राखले. सालेकसा तालुक्यातील कचारगडला माघ पौर्णिमेला जो जनसागर लोटतो, तोही आपले मूळ शोधणाऱ्यांचाच आहे. कोहळी बांधवांची वंशावळ तर पाण्यात लिहिलेली आहे. नवेगावबांधचा तलाव पाहिला की कोलू पाटलाचे नाव निघतेच. प्रयागला वा गयेला कोणी गेला असेल त्याला माहीत असेल की पंडा जिल्हा आणि गाव विचारतो, झेंड्याच्या खुणेवरून आपला पंडा सापडतो, आणि वहीत खापरपणजोबाची नोंद निघते. हरिद्वारच्या अशा वह्यांची सूक्ष्मचित्रे अमेरिकेतील युटा येथील वंशावळ संस्थेने घेऊन ठेवली आहेत. सातासमुद्रापलीकडच्या लोकांना आमच्या वह्यांची किंमत कळली.

परंतु भाटाची पोथी घ्या की पंड्याची वही, तिच्यात बापामागे बापच लिहिलेला असतो. आई नसते. आपल्याच मातीतील एक उदाहरण द्यावेसे वाटते. आमगावजवळचे पदमपूर आपण सारे जाणतो. महाकवी भवभूतीचे पद्मपूर ते हेच, असे डॉ. वा. वि. मिराशी यांच्यासारख्या विद्वानांनी मांडले आहे. या भवभूतीने आठव्या शतकात नाटक लिहिताना प्रस्तावनेत आपले घराणे सांगितले आहे. गाव सांगितले, गोत्र सांगितले, आजोबा भट्टगोपाल, वडील नीलकंठ, आणि आई जातुकर्णी. तेराशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या आईचे नाव आज आपल्याला माहीत आहे, कारण तिच्या लेकाने ते लिहून ठेवले. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव लावण्याचा नियम केला, तेव्हा मला प्रथम पदमपूर आठवले.

येथे थोडे कडू बोलतो, देवाच्या दारात खोटे बोलवत नाही. वारस नोंदीसाठी येणाऱ्या वंशावळीत मुलांची नावे ठळक असतात आणि बहिणींची नावे पुष्कळदा गाळलेली असतात. विचारले तर उत्तर येते, "तिचे लग्न झाले, ती आता त्या घरची." अहो, लग्न झाले म्हणून जन्म पुसला जात नाही! १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मागे वारस मानले. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच मुलाइतका हक्क दिला, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो अधिक स्पष्ट केला. बहिणीने हक्क घ्यावा की सोडावा, हा तिचा प्रश्न. तिचे नावच न लिहिणे हे खोटे शपथपत्र आहे. याच गोष्टीवरून भावा-बहिणींचे येणे-जाणे तुटलेले मी डोळ्यांनी पाहिले आहे. आज ज्या पोरीचे नाव बाप गाळतो, तिचीच नात पन्नास वर्षांनी "आजीचे माहेर कोणते" म्हणून कचेरीत हेलपाटे घालील.

दुसरे एक सांगणे. शोध घेताना घराण्याला राजेरजवाड्यांचे शेपूट लावू नये. आपले पूर्वज दुष्काळात पोट हाती घेऊन आले असतील, कोणाच्या घरी नोकर म्हणून राहिले असतील, कोणी घरजावई आला असेल, कोणी दत्तक गेला असेल, कोणी भांडून गाव सोडला असेल. जसे असेल तसे लिहावे. दोन म्हाताऱ्यांनी दोन प्रकारे सांगितले तर दोन्ही लिहावे आणि कोणी सांगितले तेही लिहावे. साल आठवत नसेल तर विचारण्याची रीत बदलावी. "तुमचे लग्न कोणत्या साली?" म्हटले तर उत्तर येत नाही. "तलावाची पाळ फुटली त्याच्या आधी की नंतर?" असे म्हटले की आजी महिनाही सांगते.

बाहेरगावी असणाऱ्यांना विनंती अशी की दिवाळीनंतरच्या मंडईला आपण येताच. दंडार, नाटक अवश्य पाहा, पण एक दुपार म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. मोबाईल सर्वांजवळ आहे, त्यात आवाज भरून घ्या. मात्र मोबाईल बिघडतो, हरवतो, म्हणून ते कागदावरही उतरवा. जुन्या फोटोंच्या मागे पेन्सिलीने नावे लिहा.

समितीने माझी एक सूचना मान्य केली, याबद्दल मी ऋणी आहे. मंदिराच्या कार्यालयात कापडी बांधणीची एक मोठी वही ठेवली आहे. गावातील प्रत्येक घराला, मग ते कोणत्याही जातीचे, धर्माचे, वाड्यातले असो की टोलीवरचे, त्यात दोन पाने आहेत. सुनेचे नाव तिच्या माहेरच्या गावासह आणि तिच्या आईबापांच्या नावांसह, लेकींची नावे त्या दिल्या त्या गावासह, लहानपणी गेलेल्या लेकरांची नावेसुद्धा. गाव सोडून गेलेल्यांनी कोणत्या साली व कशासाठी सोडले ते लिहावे. जमिनीचे वाद आणि आधार क्रमांक त्यात लिहू नयेत. वहीची दुसरी प्रत ग्रामपंचायतीत राहील. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी मी आणि शाळेचे एक गुरुजी दर रविवारी सकाळी ८ ते ११ मंदिरात बसणार आहोत. येताना घरातील सर्वांत वयस्क बाईमाणसाला सोबत आणावे. त्यांच्या येण्याजाण्याची सोय नसेल तर निरोप द्या, आम्ही वही घेऊन घरी येऊ. तिसऱ्या वाड्यातील एका नव्वदीच्या आजींकडे परवाच जायचे ठरले आहे. त्यांना बारा गावच्या सोयरिकी पाठ आहेत.