क्वांटम संगणकाची मुळाक्षरे : फुल्ली-गोळा



क्वांटम संगणक हा शब्द कानी पडताच 'हे आपले काम नव्हे' असा उद्गार आपल्या घरांतून निघतो. हा धसका घालविण्यास खेळासारखा गुरू नाही, असे आम्हांस वाटते.

ॲलन गॉफ यांनी २००६ साली अमेरिकेतील एका भौतिकशास्त्रविषयक नियतकालिकात फुल्ली-गोळ्याचा नवा प्रकार मांडला. त्यात एकाच खेळीची खूण दोन घरांत मांडतात. ती अखेर कोठे ठरणार, हे अनिश्चित राहते. खुणांची साखळी जुळून वर्तुळ पुरे झाले, की प्रतिपक्ष दोन पर्यायांतून एक निवडतो व साखळीतील प्रत्येक खूण एकेका घरात स्थिर होते. साधा बिट शून्य किंवा एक असतो. क्युबिट मात्र मोजमाप होईपर्यंत दोहोंच्या संमिश्र अवस्थेत राहू शकतो. ही कल्पना खेळातून सहज उमगते.

अर्थात निसर्गात निवड करणारा खेळाडू नसतो. तेथे संभाव्यतेचा नियम चालतो व त्यासाठी पुढे गणित शिकावेच लागते. परंतु दार उघडल्यावाचून आत पाऊल कसे पडावे? पाटी-खडूवर भागणारा हा खेळ मंडळाने सुटीच्या वर्गात मुलांबरोबर मुलींसही शिकवावा, अशी आमची नम्र विनंती आहे.