चाळिशीचा चष्मा
(रात्रीच्या वर्गात केलेले भाषण)



आज धडा नाही. पाटी-पुस्तक बाजूला ठेवा. आज आम्ही तुमच्याशी डोळ्यांविषयी बोलणार आहोत.

आपल्या वर्गात एक बाई येत असत. वय पन्नाशीला टेकलेले. नाव सांगत नाही. त्या इथेच बसल्या आहेत आणि पदराआड हसत आहेत. पहिले पुस्तक त्यांनी तीन महिन्यांत संपवले. सही करू लागल्या. एसटीची पाटी वाचू लागल्या. मग दुसरे पुस्तक हाती आले आणि बाई वर्गाला येईनाशा झाल्या. आठ दिवस झाले, पंधरा दिवस झाले. शेवटी आम्हीच त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर जोंधळे निवडणे चालले होते. पण सूप सुनेच्या हातात होते. बाई नुसत्या शेजारी बसल्या होत्या.

"काय हो बाई, वर्ग का सोडलात?"

"गुरुजी, आता नाही जमायचं. आलेली अक्षरं गेली. माझं डोकंच चालंना. पिकल्या पानाला काय शिकवता?"

आम्ही समोरच्या किराणा दुकानाकडे बोट केले. तिथे पाटी होती. बाईंनी ती घडाघडा वाचली : "आज रोख, उद्या उधार." मग आम्ही दुसरे पुस्तक त्यांच्या हाती दिले. त्यांनी ते दूर धरले. आणखी दूर धरले. शेवटी हात संपला, पण अक्षर काही लागेना.

आता तुम्हीच सांगा. डोके चालत नसते, तर दुकानाची पाटी कशी वाचली असती? अक्षरे कुठे गेली नव्हती. पहिल्या पुस्तकाचा टाइप मोठा होता, दुसऱ्याचा बारीक. बाईंना चाळिशी लागली होती, एवढेच!

आपली भाषा पाहा. चाळिशी म्हणजे चाळीस वर्षांचे वय, आणि चाळिशी म्हणजे चष्मासुद्धा. दोन्हींना एकच शब्द. बोलणाऱ्यांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे.

हे होते कसे, ते ऐका. आपल्या डोळ्याच्या आत एक भिंग असते. लांबचे पाहताना ते चपटे होते. जवळचे पाहताना फुगीर होते. लहानपणी ते शहाळ्यातल्या मलईसारखे मऊ असते, म्हणून हवे तसे फुगते. नारळ जून झाला की खोबरे टणक होते ना? तसेच हे भिंगही वयाप्रमाणे टणक होते. मग त्याला फुगता येत नाही. लांबचे ठीक दिसते, जवळचे पुसट होते. हा रोग नव्हे. देवाचा कोपही नव्हे. केस पिकतात, तसेच हे. राजाला होते आणि रंकालाही होते.

हेडमास्तरलाही होते, बरं का. आमची गोष्ट सांगतो. आम्ही त्रेचाळीस वर्षांचे होतो. हजेरीपट लांब धरून वाचायचो. कुणी पाहिले तर म्हणायचो, शाई फिकी आहे. चष्मा लावला तर पोरे म्हातारा म्हणतील, ही लाज! दोन वर्षे असे ढोंग केले. एकदा परीक्षेचा निकाल वाचताना आम्ही ३१ गुणांचे ३९ वाचले. नापास मुलाला पास म्हणून सांगितले. पोरगे नाचत घरी गेले. संध्याकाळी आम्हांलाच त्याच्या दारात जाऊन खरे सांगावे लागले. त्याच्या आईने चहा ठेवला होता. तो आमच्या घशाखाली उतरला नाही. दुसऱ्याच दिवशी आम्ही तालुक्याला जाऊन चष्मा केला.

त्या बाईंनाही आम्ही तालुक्याला घेऊन गेलो. तिथे चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारे असतात. त्यांना ऑप्टोमेट्रिस्ट म्हणतात. शब्द अवघड आहे. लोक त्यांना डॉक्टरच म्हणतात. ते चष्म्याचा नंबर काढतात, पण शस्त्रक्रिया करत नाहीत. ते काम डोळ्यांच्या डॉक्टरांचे. बाई रस्ताभर घाबरलेल्या. आपल्याला नीट वाचता आले नाही तर लोक हसतील, असे त्यांना वाटत होते.

तिथे भिंतीवर तक्ता असतो. वर एक मोठे अक्षर आणि खाली लहान लहान होत गेलेल्या ओळी. हॉलंड देशातले डॉक्टर स्नेलेन यांनी १८६२ साली असा तक्ता तयार केला. तो ६ मीटरवरून वाचायचा. दुकान लहान असेल तर समोर आरसा लावतात आणि तक्ता आरशात पाहायला सांगतात. चिठ्ठीवर ६/६ लिहिले म्हणजे लांबची नजर चांगली. ६/६० लिहिले म्हणजे काय? चांगल्या डोळ्याला जे अक्षर ६० मीटरवरून दिसते, ते तुम्हांला ६ मीटरवर आल्यावर दिसते.

ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्यासाठी दुसरा तक्ता असतो. त्यावर तीन दात्यांच्या फणीसारखी खूण असते. दाते कोणीकडे आहेत, ते बोटाने दाखवायचे. तपासणाऱ्यांनी बाईंचे लुगडे पाहिले आणि तो फणीचा तक्ता लावला. बाई ताठ बसल्या. म्हणाल्या, "फणी कशाला? मला अक्षरं दाखवा. मी शिकलेली हाय!" तपासणारे भले गृहस्थ. त्यांनी लगेच मराठी अक्षरांचा तक्ता लावला.

मग नाकावर एक गोल सांगाडा ठेवतात आणि त्यात एकेक भिंग सरकवतात. एका वेळी एकच डोळा. "हे बरे की हे बरे?" असे विचारतात. इथे आपली माणसे चुकतात. समोरच्याला त्रास नको म्हणून पटकन म्हणतात, "बरं आहे, बरं आहे." भीड धरू नका. ठरत नसेल तर "पुन्हा दाखवा" म्हणा. त्यांचे कामच ते आहे. तुमच्या भिडेचा चष्मा वर्षभर तुमच्याच नाकावर बसायचा आहे. आणखी एक करा. आपले पुस्तक किंवा सुई-दोरा बरोबर न्या. जिथे धरून काम करता, तिथे धरून दाखवा. कापड शिवणारा जवळ पाहतो. पोथी वाचणारा थोडे दूर पाहतो. भिंग त्या अंतराचे हवे.

बाईंना उजव्या डोळ्याला अधिक पावणेदोन आणि डाव्याला अधिक दोन असा नंबर निघाला. पाहा, दोन डोळे, दोन नंबर. बाजारात टोपलीतून तयार चष्मे मिळतात. त्यांत दोन्हीकडे एकच नंबर असतो. त्याने डोळे बिघडत नाहीत, खोटे कशाला सांगा. अडीनडीला चालतोही. पण तो घेतला की माणूस डोळे तपासायला जात नाही, आणि आतला रोग आत राहतो. काचबिंदू असाच गुपचूप येतो. दुखत नाही, खुपत नाही. कडेची नजर हळूहळू जाते आणि गेलेली परत येत नाही. म्हणून चाळिशीनंतर डोळ्यांची नीट तपासणी करून घ्यावी. घरात कुणाला काचबिंदू असेल तर नक्कीच. ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी दर वर्षी डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा. तिथे डोळ्यांत थेंब घालतात. मग काही तास धूसर दिसते. सोबत कुणीतरी न्यावे.

काही जण म्हणतात, "चष्मा लावला की नंबर वाढतो." नाही हो! नंबर वयाने वाढतो. लावला तरी वाढतो, न लावला तरी वाढतो. साधारण साठीपर्यंत थोडा थोडा वाढत जातो.

आणि एक फसवी गोष्ट. आमच्या ओळखीचे एक आजोबा होते. वय सत्तरीच्या घरात. एक दिवस ते चष्म्याशिवाय वाचू लागले. घरात आनंद झाला, नारळ फोडला. आजोबा सगळ्यांना सांगत सुटले, "म्हातारपणी नजर परत आली!" नजर परत आली नव्हती. मोतीबिंदू धरू लागला होता. मोतीबिंदू धरताना कधी कधी आतले भिंग असे बदलते की जवळचे काही दिवस बरे दिसते आणि लांबचे बिघडते. म्हणून कुणी म्हातारे माणूस एकाएकी चष्मा टाकून वाचू लागले, तर नारळ जरूर फोडा, पण त्याला डॉक्टरांकडेही न्या.

चष्मा फक्त पुस्तकासाठी असतो असेही समजू नका. आसामात चहाच्या मळ्यांत पाने खुडणाऱ्या मजुरांचा एक अभ्यास झाला. तो २०१८ साली छापून आला. चाळीस वर्षांवरच्या ७५१ मजुरांपैकी निम्म्यांना जवळचे पाहण्याचा चष्मा लगेच दिला, निम्म्यांना नंतर दिला. ज्यांना चष्मा मिळाला, त्यांची दिवसाची तोडणी इतरांपेक्षा पाच किलोने जास्त वाढली. म्हणजे पाचवा हिस्सा जास्त काम! आपल्याकडे कापूस वेचणे आहे, तांदळातले खडे आहेत, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरे आहेत, मोबाईलवर आलेला मुलाचा निरोप आहे.

चाळिशीचा चष्मा जवळच्या कामालाच लावायचा. तो लावून विहिरीच्या पायऱ्या उतरू नका, पायरी भलतीकडे दिसते. काच धोतराने किंवा पदराने कोरडी पुसू नका. धुळीचे ओरखडे पडतात. आधी पाण्याने धुवा, मग मऊ फडक्याने टिपा. नंबराची चिठ्ठी रेशनकार्डाबरोबर जपून ठेवा.

बाईंचे पुढे काय झाले, ते विचाराल. दुसरे पुस्तक संपत आले आहे. आणि सूपही सुनेकडून परत घेतले आहे. सून जरा रुसली आहे असे ऐकतो.

असो. येत्या बुधवारी बाजाराचा दिवस आहे. आम्ही पहिल्या एसटीने तालुक्याला जाणार आहोत. ज्यांना डोळे तपासायचे आहेत त्यांनी यावे. जुना चष्मा असेल तर तोही आणा. दाराशी वही ठेवली आहे. जाताना तीत आपले नाव आपल्याच हाताने लिहा. लिहिताना अक्षर दिसत नसेल, तर मोठे लिहा.