रंधा आपल्याही हाती
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



आज मला "घराची सजावट" या विषयावर बोलायला सांगितले आहे. सजावट म्हटली की पडदे, तोरणे, भरतकामाचे अभ्रे आणि रुखवतातल्या वस्तू डोळ्यांपुढे येतात. त्या साऱ्यांत आपण तरबेज आहोत. त्याविषयी मी तुम्हांला काय सांगणार? मी थोडा वेगळा रस्ता धरते. ज्या वस्तूंवर आपण अभ्रे घालतो, त्या वस्तूच आपण का करू नयेत, असा माझा प्रश्न आहे. म्हणजे पाट, चौरंग, तिवई, फडताळातली फळी, पुस्तकांची मांडणी, देवघरातले बैठे मेज. अगदी साधी खुर्चीसुद्धा.

विदर्भातल्या मुलांची लाकडाशी पहिली ओळख होते ती तान्ह्या पोळ्याच्या नंदीमुळे. आपल्या जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर दूरवर प्रसिद्ध आहे. त्या नंदीला रंगवायला, झूल शिवायला, शिंगांना बेगड लावायला घरातल्या बायका असतात. पण नंदी घडवायला मात्र नसतात. सुई आपली आणि करवत परक्याची, ही वाटणी कोणी केली ठाऊक नाही. परंतु आपण ती मुकाट्याने मान्य केली आहे.

खरे पाहता, ही वाटणी मोडण्याची संधी आपल्या वर्ध्यानेच एकदा साऱ्या देशापुढे ठेवली होती. १९३७ च्या ऑक्टोबर महिन्यात येथे शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. हाताने काही उत्पादक काम करता करता मुलाने शिकावे, हा विचार तेथे मांडला गेला आणि पुढे डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याचा आराखडा केला. कताई-विणाई, शेती यांच्या जोडीला सुतारकाम हाही एक मूळ उद्योग म्हणून त्यात सांगितला होता. सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम् या दांपत्याने ही नयी तालीम चालवली. पाचवीपर्यंत मुलामुलींना उद्योग सारखाच. पण त्याच आराखड्यात सहावी-सातवीच्या मुलींना मूळ उद्योगाऐवजी गृहशास्त्र घेण्याची मुभा ठेवली होती. मुभाच ती, सक्ती नव्हे. तरी मला वाटते, मुलीच्या हातातली करवत खाली ठेवली जाते ती अशाच मुभांमुळे. कोणी हिसकावून घेत नाही. "तुला नको असेल तर राहू दे" एवढेच कोणी म्हणते.

बापू स्वतः या कामाला परके नव्हते. दक्षिण आफ्रिकेत १९१० साली टॉल्स्टॉय फार्म सुरू झाला, तेव्हा बाकांपासून पेट्यांपर्यंत लागणाऱ्या वस्तू तेथील मंडळींनी स्वतः केल्या. पुढे १९३६ मध्ये ते सेगावला राहायला आले. त्याच गावाला नंतर सेवाग्राम हे नाव मिळाले. झोपडीचा खर्च होईल तितका कमी असावा आणि शंभर रुपयांच्या वर तर जाऊच नये, अशी त्यांची सूचना होती. आज आपण ज्या बापूकुटीला जातो, ती मुळात मीराबेनची कुटी. भिंतीवरची झाडे आणि चरखा मातीतून उठवले ते तिनेच. १९७८ साली इव्हान इलिच हे विचारवंत तेथे येऊन बसले आणि त्या कुटीने काय शिकवले यावर त्यांनी भाषण केले. आपण इतक्या जवळ राहतो. पुढच्या वेळी पाहुण्यांना घेऊन जाल तेव्हा केवळ नमस्कार करून परतू नका. तेथे बसण्याची जागा, लिहिण्याची जागा आणि हात पोचेल अशी ठेवण्याची जागा यांचा मेळ कसा घातला आहे तो पाहा. घरात वस्तू थोड्या असाव्यात आणि त्या आपल्या मापाच्या असाव्यात, हा सजावटीचा पहिला धडा तेथे मिळतो.

"आपल्या मापाच्या" हे शब्द मी मुद्दाम वापरले. झंपर आपण मापाशिवाय शिवत नाही. परंतु खुर्ची, टेबल, फडताळ हे सारे दुसऱ्या कोणाच्या मापाने बनलेले असते आणि आपण त्यात स्वतःला बसवून घेतो. बाजारातली खुर्ची बहुधा जमिनीपासून सतरा-अठरा इंच उंच असते. पाच फूट उंचीच्या बाईचे पाय तिच्यावर अधांतरी लोंबकळतात आणि मांडीखाली कड रुतते. माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखत. खाली बसवत नसे आणि खुर्चीवर पाय टेकत नसत. मी त्यांना भिंतीशी सरळ बसवले, जमिनीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत शिवणाच्या टेपने माप घेतले. ते पंधरा इंच भरले. त्या मापाचा पाठीचा बाक मी केला. हात टेकून उठता यावे म्हणून दोन्ही बाजूंना दांडे दिले. दिसायला तो अगदी साधा आहे. पण त्यानंतर त्या भाजी निवडायला पुन्हा आमच्यात येऊन बसू लागल्या. घराला यापेक्षा मोठी शोभा कोणती?

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू.

प्रथम लाकूड. साग हा लाकडांचा राजा आणि तो आपल्या शेजारचाच. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ साली चंद्रपूर-गडचिरोलीकडचे सागवान गेले. सागात नैसर्गिक तेल असते. वाळवी त्याला सहसा लागत नाही आणि रंध्याखाली तो नीट चालतो. पण तो महाग. शिकताना जुन्या दाराची फळी, मोडलेल्या पलंगाची पाटी, खोक्यांचे लाकूड घ्यावे. कडुनिंबाला किडीचा त्रास कमी. आंबा स्वस्त आणि हलका, पण लवकर किडतो. बाभूळ चिवट म्हणून बैलगाडीला उत्तम. नवशिक्या हाताला मात्र फार कठीण. नवे लाकूड वखारीतून पावती घेऊनच आणावे. साग, आंबा, मोह, चिंच अशी झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. १९६४ चा कायदा त्यासाठीच आहे.

लाकूड झाडापासून तुटले तरी हवेशी त्याचे नाते तुटत नाही. आपल्याकडे वैशाखात हवा कोरडी ठणठणीत आणि श्रावणात दमट. म्हणून उन्हाळ्यात दाराला फटी पडतात आणि पावसाळ्यात तेच दार चौकटीत अडते. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते आणि आक्रसते; लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. ही एक गोष्ट ध्यानात आली की अर्धे सुतारकाम कळले.

आपल्या जेवणाच्या पाटाचेच पाहा ना. पाटाखाली दोन आडव्या पट्ट्या का असतात? नुसती उंची हवी म्हणून नव्हे. फळी वाकून द्रोणासारखी होऊ नये म्हणून त्या तिला धरून ठेवतात. पण पट्टी फळीला अंगभर सरसाने चिकटवली, तर फळीला आक्रसायला वाव राहत नाही आणि एखाद्या उन्हाळ्यात ती मधोमध तडकते. म्हणून पट्टीचा मधला स्क्रू घट्ट बसवावा आणि कडेच्या स्क्रूंसाठी पट्टीत थोडी लांबट भोके ठेवावीत. फळी पकडलीही जाते आणि तिला श्वासही घेता येतो. संसारातही पुष्कळ ठिकाणी हे उपयोगी पडते, असे मी म्हटले तर तुम्ही हसाल!

फळ्यांची मांडणी करताना आणखी एक हिशेब ठेवा. वजन तेच ठेवून दोन आधारांमधले अंतर दुप्पट केले, तर फळी दुप्पट नव्हे, आठपट वाकते. उलट जाडी दुप्पट केली तर वाक आठव्या हिश्श्यावर येतो. तेव्हा लोणच्याच्या बरण्या ठेवायच्या असतील तर लांबलचक फळीचा मोह नको. मध्ये एक आधार द्यावा.

तिसरी गोष्ट सांध्याची. खिळा पटकन होतो, पण हालचालीच्या वस्तूत तो सैल पडत जातो. एका लाकडात खाच आणि दुसऱ्याला तिच्यात नेमके बसेल असे कूस, हा सांधा पिढ्यानपिढ्या टिकतो. आधी खाच कोरावी, मग तिच्या मापाने कूस कापावे. भोक लहान करता येत नाही, कूस मात्र तासून बारीक करता येते. आणि पहिली वस्तू करायची तर तिवई करा. जमीन कशीही उंचसखल असो, तीन पाय डुगडुगत नाहीत.

हत्यारे फार लागत नाहीत. एक बारीक दात्यांची करवत, एक रंधा, अर्धा इंची आणि पाऊण इंची अशा दोन पटाशा, हातोडी, गुण्या, भोक पाडायला सामता किंवा विजेचे ड्रिल, दोन शिकंजे आणि काचकागद. पटाशीला धार हवीच. बोथट हत्यार जास्त जोर मागते आणि जोराने सटकलेले हत्यार हातात घुसते. पटाशीच्या पुढे दुसरा हात कधीही ठेवू नये. वस्तू शिकंजात धरावी. विजेच्या यंत्राजवळ पदर खोचलेला आणि बांगड्या मागे सारलेल्या असाव्यात. केस बांधलेले असावेत.

शेवटचा हात तेलाचा. आपल्या भागात जवस पूर्वापार होते. त्याच जवसाचे तेल लाकडाला उत्तम. फडक्याने पातळ थर द्यावा, वीस मिनिटांनी जादा तेल पुसून घ्यावे आणि पूर्ण वाळल्यावर दुसरा थर द्यावा. पण एक ताकीद कानाशी बांधून ठेवा. जवसाच्या तेलाचे फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. ते तेल वाळताना उष्णता सोडते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडके उघड्यावर एकेरी पसरून वाळवावे किंवा पाण्यात बुडवून ठेवावे.

आता दोन शंकांना उत्तर द्यायला हवे. पहिली, यात पैसे वाचतात का? पहिल्या वर्षी नाही. हत्यारांना खर्च येतो आणि कारखान्यातले मेज पुष्कळदा तुमच्या मेजापेक्षा स्वस्त पडेल. पुढे थोडे वाचतात. पण केवळ बचतीसाठी म्हणून हा छंद कोणी धरू नये. मोडलेली वस्तू टाकून न देता दुरुस्त करता येते, आणि हवी ती वस्तू हव्या त्या मापाची मिळते, हा त्याचा खरा लाभ.

दुसरी शंका अधिक महत्त्वाची आहे. आपण हे करू लागलो तर सुताराच्या पोटावर पाय येईल काय? मला हा प्रश्न आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांनाच विचारावासा वाटला. ते हसून म्हणाले, "बाई, ज्यानं रंधा मारून पाहिला, तो मजुरीत घासाघीस करत नाही." सुताराचे काम कारखान्यांच्या तयार मालाने कमी केले आहे, छंद करणाऱ्या बायकांनी नव्हे. उलट, सांधा कसा असतो हे ज्या बाईला कळते, तीच चांगल्या कारागिराला ओळखते आणि त्याला योग्य दाम देते. कुमारप्पांनी मगनवाडीत ग्रामोद्योगांचे जे काम केले, १९३८ च्या डिसेंबरात जे मगन संग्रहालय उघडले, त्यामागे हाच विचार होता: वस्तू घेणाऱ्याला ती कोणाच्या कष्टाने झाली हे ठाऊक असावे.

आणि "हे बायकांना झेपेल का" असे कोणी विचारले, तर त्याला पवनारचा रस्ता दाखवा. विनोबांनी १९५९ साली ब्रह्मविद्या मंदिर सुरू केले, तेथे भगिनींनी शेतीपासून छपाईपर्यंतची कामे स्वतः केली आहेत. शक्तीपेक्षा येथे सवय मोठी. तासभर कणीक तिंबणारे मनगट रंध्याला कमी पडत नाही.

म्हणून माझी एक सूचना आहे. प्रत्येकीने वेगळी हत्यारे घेण्याची गरज नाही. मंडळाने एक संच घ्यावा आणि नोंदवहीत सही करून तो न्यावा-आणावा, जशी आपली मोठी पातेली नेतो. एखाद्या अनुभवी सुतारकाकांना आठवड्यातून एक दुपार शिकवायला बोलवावे, आणि त्यांना त्या दुपारची पुरी मजुरी द्यावी. पहिले काम म्हणून मंडळाच्या हळदीकुंकवासाठी बारा पाट करावेत. मुलींनाही घेऊन यावे. आणि हो, मुलग्यांनाही. त्यांनी वाटल्यास पाटांवर नक्षी भरावी!

येत्या तान्ह्या पोळ्याला आपल्या आळीतला एक तरी नंदी घरच्या हाताने घडलेला असावा, एवढी इच्छा व्यक्त करते.