विमानभाड्याचं राजकारण



एकांकिकेची मंडळी विंगेत तोंडाला रंग लावून ताटकळली आहेत, तेव्हा फार वेळ घेत नाही. केनियाच्या टॉम म्बोयांबद्दल बोलतो. मंडेलांवर कुणी ना कुणी बोलतंच.

म्बोया जन्मले १५ ऑगस्ट १९३० रोजी, घायपाताच्या मळ्यावर. वडील तिथे मुकादम. पैशांअभावी शाळा अर्धवट सुटली आणि ते नैरोबी नगरपालिकेत सॅनिटरी इन्स्पेक्टर झाले. एकदा कचेरीत एक गोरी बाई दुधाची बाटली तपासायला घेऊन आली. म्बोया समोरच होते, तरी इकडेतिकडे बघत तिनं विचारलं, इथे कुणीच नाही का? म्बोयांनी उलट विचारलं, बाई, डोळ्यांना काही झालंय का तुमच्या?

पुढे कामगार चळवळ, मोंबासाच्या गोदी कामगारांची पगारवाढ, १९५७ मध्ये कायदेमंडळ. १९५८ मध्ये अक्रा इथल्या अखिल आफ्रिकी परिषदेचे अध्यक्ष झाले, तेव्हा वय २८.

धुतल्या तांदळासारखे होते असं नाही. १९६६ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष ओगिंगा ओडिंगांना सत्ताधारी पक्षात एकटं पाडण्यात त्यांचा मोठा हात होता. ५ जुलै १९६९ रोजी मंत्रिपदावर असतानाच नैरोबीत भर रस्त्यात त्यांची हत्या झाली. मारेकऱ्याला फाशी झाली, पण त्यामागे कोण होतं ते शेवटपर्यंत बाहेर आलं नाही.

मला त्यांचं सगळ्यात मोलाचं वाटतं ते काम सभेतलं नाही. पन्नाशीच्या दशकाअखेर केनियाचं स्वातंत्र्य दाराशी आलं होतं, पण राज्य चालवायला शिकलेली माणसं कुठे होती? युगांडातल्या मकेरेरे कॉलेजात जागा मोजक्या. अमेरिकन कॉलेजं शिष्यवृत्ती द्यायला तयार होती, घोडं अडत होतं विमानभाड्यापाशी. म्बोया अमेरिकेत भाषणं देत फिरले. बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन, गायक हॅरी बेलाफोन्टे यांनी मदतीच्या आवाहनावर सह्या केल्या. सप्टेंबर १९५९ मध्ये ८१ विद्यार्थ्यांना घेऊन विमान उडालं. इंग्रज अधिकारी नाकं मुरडत होते, अमेरिकन पदवीला किंमत ती काय! १९६० च्या तुकडीतल्या वंगारी मथाई जीवशास्त्र शिकून परतल्या. २००४ चं शांततेचं नोबेल त्यांचं.

आणि म्बोया? ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजात वर्षभर शिकले, तेवढंच. पदवी त्यांनी घेतली नाही. दुसऱ्यांच्या पदव्यांसाठी मात्र परक्या देशात झोळी घेऊन फिरले, आणि त्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही.