निधी गावात येतो, पुढे काय?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणावरून)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून नळ, गटार आणि साकव यांविषयी बोलणे काहींना विचित्र वाटेल. परंतु एप्रिल-मे महिन्यांत ज्या मुलीला सकाळी हंडे-कळशा भरण्यासाठी विहिरीवर नंबर लावावा लागतो, तिचा अभ्यास कोठे बुडतो हे वर्गशिक्षकांना विचारा. पावसाळ्यात पऱ्याला पाणी चढले आणि साकव मोडका असला की पलीकडच्या वाडीतील मुले घरी बसतात. शाळेची इमारत आपण वर्गणी काढून बांधू. शाळेपर्यंतची वाट मात्र सरकारी निधीतूनच व्हायची असते.

न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीने २००६ साली आपला अहवाल दिला. त्यातील शिक्षणाचे व नोकऱ्यांचे आकडे आपल्या सभांतून पुष्कळदा ऐकवले जातात. ज्या गावांत मुस्लिम वस्ती मोठी, तेथे पक्के रस्ते आणि बसथांबे कमी आढळतात, हेही त्याच अहवालात आहे. त्याचा उल्लेख फारसा होत नाही. ही तक्रार रास्त आहे आणि ती मांडलीच पाहिजे. पण तक्रार कोठे मांडायची, कोणत्या दिवशी मांडायची, कोणता कागद हातात घेऊन मांडायची, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

आपल्या कोकणातील मोहल्ल्यांचेच पाहा. आखातातून आलेल्या पैशावर बंगले उभे राहिले, घरात फरशी आली, गच्चीवर टाकी आली. बंगल्याचे सांडपाणी मात्र उघड्यावर, शेजाऱ्याच्या दारापुढून वाहते. घर एकट्याच्या कमाईने सुधारते, गल्ली तशी सुधारत नाही. विहिरीचा गाळ काढायचा असो की पाखाडी दुरुस्त करायची असो, जमातीची वर्गणी निघते आणि काम होऊन जाते. या सवयीचे मला कौतुक आहे. तरीही घरपट्टी आणि पाणीपट्टी भरणाऱ्या माणसाने पंचायतीकडे मागायचे ते आपल्याच खिशातून भरून काढले, की मोहल्ल्याचे नाव आराखड्यात येण्याचे कारणच उरत नाही.

आता थोडा हिशेब. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी ग्रामीण संस्थांना जे अनुदान ठरवून दिले, त्यातील साठ टक्के रक्कम पिण्याचे पाणी व स्वच्छता यांसाठी बांधलेली होती. निम्मी पाण्याला, निम्मी स्वच्छतेला. उरलेले चाळीस टक्के गावाने आपल्या गरजेप्रमाणे खर्चावेत, पगारावर व कार्यालयीन खर्चावर मात्र खर्चू नयेत, अशी अट होती. म्हणजे गटाराला पैसाच नाही, हे उत्तर ऐकून आपण परत फिरावे असे नव्हते. २०१९ साली जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने माणशी रोज पंचावन्न लिटर पाणी घरात नळाने देण्याचे ठरविले.

खरी अडचण पुढेच आहे. टाकी बांधायला निधी मिळतो, उद्घाटन होते, फोटो निघतात. त्यानंतर पंपाचे वीजबिल, पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार, टीसीएल पावडर, फुटलेला पाइप हा खर्च गावावर पडतो आणि तो पाणीपट्टीतून भागवायचा असतो. पट्टी थकली की बिल थकते, बिल थकले की वीज तुटते. मग भरपूर पैसा ओतलेली योजना उभी असते आणि बायका पुन्हा विहिरीवर. ‘आम्हाला पाणी येत नाही, मग पट्टी का भरू?’ असे विचारणाऱ्याचे चूक म्हणवत नाही. आणि पट्टीवाचून पाणी येणार कसे, हेही खरेच.

देखभालीकडे पाहण्याची आपल्या साऱ्या राज्याचीच ही रीत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना, ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. एस. टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. त्याच ठिकाणी नवा पूल वर्षाच्या आत, जून २०१७ मध्ये खुला झाला. निधी होता, कौशल्यही होते. जुन्या पुलाकडे मात्र माणसे जाईपर्यंत कोणाचे पुरेसे लक्ष नव्हते.

तेव्हा मोडका साकव, गळती लागलेली टाकी ही मोडण्याआधी कोणी बोलायचे? आपल्या कायद्याप्रमाणे वर्षात किमान चार ग्रामसभा होतात आणि त्यांच्या अगोदर महिलांची सभा घ्यावी लागते. ग्रामसभेला मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे हवीत. ती आली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही! मग जे थोडे हजर असतील, त्यांची वाडी आराखड्यात वर जाते. यात कपट असेलच असे नाही. आपण नव्हतो, इतकेच. महिला सभेला तर आपल्या मोहल्ल्यातून एखादीच भगिनी जाते. हंडा जिच्या डोक्यावर, तिने तेथे बोलायला नको काय?

संस्थेच्या चालकांना माझी एक विनंती आहे. नववी-दहावीच्या मुलामुलींना नागरिकशास्त्राच्या तासाला आपापल्या ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक वाचायला द्यावे. जमा किती, खर्च किती, कोणत्या वाडीला काय मिळाले, कोणते काम कागदावर पुरे आणि जमिनीवर अर्धे, हे त्यांनी वहीत मांडावे. केंद्र सरकारच्या ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर गावाचा आराखडा व खर्च पाहता येतो. मोबाइल तर प्रत्येक घरात आहे. ती वही घेऊन मुलाने वडिलांबरोबर आणि मुलीने आईबरोबर पुढच्या सभेला जावे. पहिल्या खेपेला काही लोक हसतील. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागेल, आणि प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्या असा आग्रह पालकांनी धरावा.