ठरावाखालची सही



संमेलनाध्यक्षाने पुस्तकांबद्दल बोलावं, अशी रीत आहे. मी आज कॅशबुकाबद्दल बोलणार आहे. ही वही शाळेच्या कपाटात कुलपात असते आणि तिच्यात आपल्या लेकरांच्या नावावर आलेला पैसा लिहिलेला असतो. गाव ती कधी उघडत नाही.

1882 साली जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन ठेवलं. महसूल रयतेच्या घामाचा आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या शिक्षणावर, हे त्यांनी सरकारच्या तोंडावर सांगितलं. म्हणजे शिक्षणाच्या पैशाचा जाब विचारणं हे आपल्याकडे कुठून बाहेरून आलेलं खूळ नव्हे. आपण मात्र फुल्यांना हार घातला आणि जाब विचारणं सोडून दिलं.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, आणि अनुदान कसं खर्च होतं यावर देखरेख हे त्या समितीचं काम आहे. काम, उपकार नव्हे! प्रत्यक्षात काय होतं? अशाच एका समितीच्या बैठकीला मी बसलो होतो. इतिवृत्ताची वही सह्यांसाठी फिरत होती. नऊ सह्या, दोन अंगठे झाले. ऊसतोडीहून परतलेल्या एका आईने वही धरून ठेवली. म्हणाली, "वर काय लिहिलंय ते वाचा की आधी." वाचावं लागलं. पाण्याच्या टाकीची दुरुस्ती, साडेअकरा हजार. ती बाई उठली, व्हरांड्यात गेली आणि तिने टाकीचा नळ सोडला. नळ कोरडा. बैठकीत बसलेल्या एकाही शिकलेल्या माणसाने वर मान केली नाही, आणि त्यांत मीही होतो.

लोक म्हणतात, एवढ्याशा रकमेसाठी कशाला भांडायचं? 31 ते 100 पटाच्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान 25 हजार. खडू, वीजबिल, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती, सगळं त्यातच. त्यातले साडेअकरा हजार गेले, तर उन्हाळ्यात पोरं घरून पाणी आणतात. आणि चोर म्हणून मुख्याध्यापकाकडे बोट दाखवून मोकळं होऊ नका. अनेकदा पैसा फेब्रुवारी-मार्चात खात्यावर येतो आणि 31 मार्चच्या आत संपवायचा असतो. त्या घाईत बिलं कोण पुरवतं, टक्केवारी कुठपर्यंत चढते, हे विचारा.

2011 च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली. मुलांच्या बोटांना शाई लावून डोकी मोजली, तेव्हा लाखो नावं फक्त हजेरीपटावरच निघाली. त्या नावांवर शिक्षकांची पदं मंजूर होती, अनुदान उचललं जात होतं. शेजारच्या वर्गात पोरं नाहीत, हे गावाला ठाऊक नव्हतं? आपल्याला ठाऊक नव्हतं? आपण लिहिणारे गप्प का बसलो? कारण शिक्षणसंस्थांचे चालक आपल्या संमेलनांचे स्वागताध्यक्ष होतात, मांडवाचा खर्च उचलतात. हे मी याच मंचावरून बोलतो आहे, कारण इथेच बोलायला हवं.

ही गळती फक्त आपल्याकडचीच नाही. युगांडात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला शाळांसाठी दिलेल्या अनुदानातले सरासरी 13 टक्केच शाळेपर्यंत पोचत होते. मग सरकारने हप्त्यांचे आकडे वर्तमानपत्रात छापले, शाळेच्या दारावर लावायला लावले. पुढे पोचणारा वाटा कितीतरी वाढला. एकट्या आकड्यांनी ते घडलं असं मी म्हणणार नाही. पण आकडा दिसल्याशिवाय पालक विचारणार तरी काय?

म्हणून माझी मागणी साधी आहे. शाळेला किती आले, कशावर गेले, हे शाळेच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहा आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचा. वाचायला आपण जाऊ. कवी जातील, कथाकार जातील. वाचून दाखवण्याइतकं मराठी आपल्याला नक्की येतं.

अध्यक्षपद स्वीकारताना मी संयोजकांना एक अट घातली होती. या संमेलनाचा जमाखर्च, देणगीदारांच्या नावांसह, मांडवाच्या दाराशी डाव्या हाताला लावलेला आहे. जेवायला जाण्याआधी तो वाचा आणि पहिला प्रश्न मला विचारा.