बस ‘पकडताना’ झालेली फजिती

आज बोलूया देशागणिक बदलणाऱ्या स्पॅनिश शब्दांबद्दल.

आधी माझी फजिती. माझं पुस्तक होतं स्पेनचं. त्यात बस पकडणं म्हणजे ‘कोखेर’. मेक्सिकोच्या एका माणसाशी पहिल्यांदाच कॉलवर बोलताना मी तेच ठोकून दिलं. समोर एकदम हशा! तिकडे त्या शब्दाचा अर्थ अश्लील होतो. पुढचा अख्खा कॉल मी गप्प. मेक्सिकोत म्हणायचं ‘तोमार’. आणि बसला म्हणायचं ‘कामिओन’, ज्याचा अर्थ स्पेनमध्ये ट्रक! क्युबात बस म्हणजे ‘ग्वाग्वा’, अर्जेंटिनात ‘कोलेक्तीवो’.

बटाट्याचंही तेच. स्पेनमध्ये ‘पाताता’, लॅटिन अमेरिकेत ‘पापा’.

आता ‘तुम्ही सगळे’. स्पेनमध्ये मित्रांना ‘वोसोत्रोस’ आणि मान द्यायचा तर ‘उस्तेदेस’. लॅटिन अमेरिकेत मित्र असोत की साहेब, सगळ्यांना ‘उस्तेदेस’. आपलं ‘तुम्ही’ही असंच दोन्हीकडे चालतं ना? मग हे आपल्याला सोपंच.

आणि घाबरायचं कशाला? नाशिकहून सटाण्याकडे गेलं की अहिराणीत ‘मला’चं ‘माले’ होतं. म्हणून आपण बोलायचं थांबतो का? नाही, विचारतो.

तर एक वाक्य पाठ करा: ‘कोमो से दीसे एस्तो आकी?’ म्हणजे ‘इथे याला काय म्हणतात?’ माद्रिदमध्ये ‘दीसे’ऐवजी ‘दीथे’ ऐकू येईल, एवढंच. त्या दिवशी हे वाक्य येत असतं, तर मी गप्प बसलो नसतो.

भेटू पुढच्या भागात. आस्ता लुएगो!